टार्गेट अंधुकच दिसायला हवे

पॅरिस ऑलिंपिकमध्ये 30 जुलै 2024 रोजी मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी दहा मीटर एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक प्रकारात कोरियाच्या जोडीला 16-10 असे हरवून ब्राँझपदक मिळवले. दोघेही चंदीगडच्या सेक्टर 10 मधल्या डीएव्ही कॉलेजचे विद्यार्थी. अशा यशानंतर कौतुक होते ते स्थिर हाताचे. पण पूर्ण स्थिर हात कोणालाच लाभत नाही. अव्वल नेमबाजाचे पिस्तूलही किंचित डुलतच असते. तरी छर्रा दहाच्या वर्तुळात जातो, त्यात नजरेचा वाटा मोठा असतो. ही नजर टार्गेटवर नसते; ती पिस्तुलाच्या टोकावरच्या फ्रंट साइटवर खिळलेली असते.

याचे कारण भूमितीत आहे. एअर पिस्तूलच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ जेमतेम 11.5 मिलिमीटर व्यासाचे. पुढची-मागची साइट जुळलेली असताना सगळा हातच पाच मिलिमीटर सरकला, तर छर्राही पाचच मिलिमीटर सरकतो आणि दहा गुण शाबूत राहतात. मात्र दोन साइटमधले अंतर साधारण 32 सेंटिमीटर धरले आणि फ्रंट साइट मागच्या खाचेत एकच मिलिमीटर बाजूला गेली, तर दहा मीटरवर ती चूक 31 मिलिमीटर होते. छर्रा सातच्या वर्तुळाच्या काठाशी पोहोचतो. डोळ्याला हातभरावरची आणि दहा मीटरवरची वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही, त्यामुळे एकीवर पाणी सोडावेच लागते. टार्गेटवरचे काळे वर्तुळ अंधुक झाले तरी चहूबाजूंनी सारखेच पसरते, त्याचा मध्य ढळत नाही. फ्रंट साइट अंधुक झाली, की तिच्या दोन्ही बाजूंच्या उजेडाच्या बारीक फटी पुसल्या जातात आणि चूक दिसेनाशी होते.

यावर कोणी युसुफ डिकेचचे उदाहरण देईल. त्याच स्पर्धेत या तुर्की नेमबाजाने एका डोळ्यावर झाकण न लावता, दोन्ही डोळे उघडे ठेवून रौप्य मिळवले. पण झाकण केवळ दुसऱ्या डोळ्याची लुडबुड थांबवते. नजर कोणत्या अंतरावर रोखायची, हा प्रश्न त्याने सुटत नाही. वेळ अपुरा असेल तर काय, ही शंकाही रास्त आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत ज्यात सुवर्ण जिंकले, त्या 25 मीटर पिस्तूल प्रकाराच्या जलद टप्प्यात हात खालून उचलून तीन सेकंदांत गोळी झाडायची असते. तिथे दोन साइटमधले अंतर फार तर 22 सेंटिमीटर असते, म्हणून एका मिलिमीटरची चूक 11 सेंटिमीटरवर जाते. वेळ कमी झाला म्हणून भूमिती सवलत देत नाही.

खरा आक्षेप पोलिसांच्या अनुभवातून येतो. संशोधक जोन विकर्स यांच्या अभ्यासात निष्णात पोलीस अखेरच्या क्षणी हल्लेखोरावरच नजर ठेवत, नवखे मात्र आपल्या पिस्तुलाकडे पाहत. पण तिथे अंतर थोडे, लक्ष्य माणसाएवढे आणि समोरच्याच्या हातात काय आहे हे ओळखणे सर्वांत निकडीचे. रेड डॉट साइटमध्ये ठिपका लक्ष्याच्याच अंतरावर भासतो, त्यामुळे तिथेही टार्गेटकडे पाहणेच योग्य. या अपवादांनी नियम मोडत नाही, त्याची हद्द ठरते: जिथली चूक सर्वांत महाग पडणार, तिथे नजर हवी. उघड्या साइटच्या स्पर्धात्मक पिस्तुलात ती जागा फ्रंट साइट आहे. म्हणून नवशिक्याला ‘टार्गेट नीट बघ’ असे सांगणारा प्रशिक्षक त्याची नजर चुकीच्या ठिकाणी पाठवत असतो.