बॅटरी रात्रीत उतरते कुठे, आणि गाडी चावी का ओळखत नाही?



पाऊस होऊन गेला आहे, रानाला वाफसा आला आहे, बी-खत ट्रॉलीत भरून तयार आहे, आणि सकाळी ट्रॅक्टरला सेल्फ मारावा तर नुसता 'टक्' आवाज करून गप्प. हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांनी घेतला असेल. मग शेजाऱ्याला हाक मारायची, चौघांनी धक्का द्यायचा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरला टोचन करायचे. दुपारपर्यंत ट्रॅक्टर चालू होतो, पण वाफशाची सकाळ हातची गेलेली असते. संध्याकाळी माणूस तालुक्याला जातो आणि चार-सहा हजार घालून नवी बॅटरी आणतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच.

कार्यक्रमात या विषयावर बोललो, पण वेळ थोडा आणि विषय मोठा, म्हणून हे पत्रक. सांगायचे एवढेच की उतरलेली बॅटरी ही पुष्कळदा खराब बॅटरी नसते. विहिरीचे पाणी कमी झाले तर आपण आधी झरा आटला की पाइप गळतोय ते बघतो, लगेच नवी विहीर खणत नाही. बॅटरीचेही तसेच बघायला हवे.

आमच्या तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराने दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या. तिसरी घ्यायला निघाले होते, तेव्हा सहज भेट झाली. मी विचारले, "दादा, बॅटरी उतरते कधी?" ते म्हणाले, "फवारणी चालू असली की काही तक्रार नाही साहेब. चार दिवस उभा राहिला की संपलं." इथेच खूण पटली. रोज चालणारा ट्रॅक्टर रोज बॅटरी भरून घेतो, त्यामुळे गळती झाकली जाते. उभा राहिला की ती उघडी पडते. पाहिले तर ट्रॅक्टरला गाण्याचा डेक बसवलेला, आणि त्याच्या अँप्लिफायरची वायर चावीवरून न घेता सरळ बॅटरीवरून घेतलेली. डेक बंद, पण अँप्लिफायर आतून जागाच. मीटर लावला तर अर्धा अँपिअर करंट जात होता.

आता हिशेब बघा. अर्धा अँपिअर गुणिले चोवीस तास म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-तास. बॅटरी ८८ अँपिअर-तासांची. चार दिवसांत ४८ गेले, म्हणजे निम्म्याहून जास्त. अशा बॅटरीवर हेडलाइट लागतो, हॉर्नही वाजतो, पण थंड इंजिन फिरवायला ताकद उरत नाही. शिवाय बॅटरी वरचेवर अशी रिकामी होऊन पडून राहिली की शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि ती पुन्हा पुरती भरत नाही. दादांच्या बॅटऱ्या अशाच गेल्या. दोष बॅटरीच्या दुकानदाराचा नव्हता. वायर चावीवर घेतली, आणि तिसरी बॅटरी घ्यावी लागली नाही.

आधी बॅटरी पाहा

तालुक्याच्या बाजारात चांगला डिजिटल मीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो. घरात एक असावाच, मोटारीच्या स्टार्टरलाही उपयोगी पडतो. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी काहीही चालू करण्याआधी बॅटरीच्या दोन टोकांवर डीसी व्होल्टेज मोजा. १२.६ च्या पुढे असेल तर बॅटरी भरलेली समजा. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. नंतर दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून पुन्हा बघा. चांगली बॅटरी सेल्फच्या ओढीतही साडेनऊ-दहाच्या खाली जात नाही. इंजिन चालू झाल्यावर मीटरने १३.८ ते १४.४ च्या आसपास दाखवले पाहिजे. तिथे साडेबारावरच काटा अडून राहिला, तर अल्टरनेटर किंवा जुन्या ट्रॅक्टरचा डायनामो भरणा करत नाही, किंवा पट्टा ढिला आहे. अशा वेळी नवी बॅटरी टाकून काय होणार?

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर मिस्त्रीकडच्या हायड्रोमीटरने सहाही कप्पे तपासून घ्या. पाच कप्पे १.२५० दाखवतात आणि एक १.१८० वर अडतो, तर तो कप्पा गेला. तेव्हा मात्र बॅटरी बदलण्यावाचून इलाज नाही.

पाण्याविषयी दरवेळी सांगावे लागते, तरी पुन्हा सांगतो. बॅटरीत विहिरीचे, बोअरचे किंवा नळाचे पाणी घालू नका. त्यातले क्षार प्लेटांना खातात. डिस्टिल्ड वॉटरच घाला, तेही प्लेटांच्या वर बोटभर, काठोकाठ नको. ॲसिड कधीही वाढवू नका. टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आला असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासा, सोड्याचे पाणी आत जाऊ देऊ नका, मग कोरडे करून आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. सेल्फला 'टक्' करणाऱ्या कित्येक ट्रॅक्टरांचे दुखणे एवढ्यानेच जाते. बॅटरीचा माथाही पुसून ठेवा. ॲसिड आणि धूळ यांच्या ओल्या थरातूनही करंट हळूहळू वाहतो.

हे काम करताना बिडी-काडी लांब ठेवा. भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, ठिणगीने ती फुटते. ॲसिड डोळ्यात उडाले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवून लगेच दवाखाना गाठा.

चोर कसा पकडायचा

चावी बंद करा, दिवे बंद करा, दारे लावा. बॅटरीची वजा, म्हणजे अर्थची वायर आधी सोडा. ती वायर आणि बॅटरीचे वजा टोक यांच्यामध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडा. साध्या, जुन्या ट्रॅक्टरवर हा बल्ब पेटता कामा नये. पेटला तर कुठेतरी गळती आहे. किती ते मोजायचे तर बल्बच्या जागी मीटर, १० अँपिअरच्या भोकात वायर घालून. मीटर असा मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

पिकअप किंवा कार असेल तर थोडा धीर धरा. त्यांच्यातले छोटे संगणक चावी काढल्यावरही काही वेळ जागे असतात, म्हणून अर्धा-पाऊण तास थांबून आकडा बघा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर काळजी नाही. अर्थात तेवढ्यानेही महिन्याला ३६ अँपिअर-तास जातातच. तेव्हा महिनाभर उभी राहणारी गाडी असेल तर अधूनमधून चांगली अर्धा तास चालवा, नाहीतर वजा वायर सोडून ठेवा. आकडा जास्त आला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली येईल, त्या वाटेवर चोर आहे. कोणत्याच फ्यूजने फरक पडला नाही तर सरळ बॅटरीवर आणलेल्या वायरी बघा: डेक, जादा एलईडी दिवे, ट्रॉलीचा लाइट, कर्जाच्या गाडीला बसवलेला ट्रॅकर. अल्टरनेटरचा डायोड बिघडला तरी त्यातून उलटा करंट जातो. जुन्या डायनामोच्या कटआउटचे पॉइंट चिकटले तर तोच प्रकार. आणि गोठ्याजवळ ट्रॅक्टर लावत असाल तर उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, हेही पाहा. हा चोर मी दोनदा पकडला आहे.

काही मंडळी कुंपणाच्या झटका मशीनला किंवा घरच्या दिव्याला ट्रॅक्टरची बॅटरी काढून लावतात. ही बॅटरी क्षणभर मोठी ताकद देण्यासाठी केलेली असते. रात्रभर थेंब थेंब देऊन रिकामी होणे तिला सोसत नाही. त्या कामाला वेगळी बॅटरी घ्या.

चावीची भानगड

आता गावोगाव पिकअप आल्या, कार आल्या. त्यांची तक्रार वेगळी असते: "चावी फिरते, सेल्फ जोरात घेतो, पण इंजिन धरत नाही, आणि काट्यांच्या पाटीवर चावीचा दिवा लुकलुकतो." याचा अर्थ गाडी चावी ओळखत नाही.

चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चिप असते. तिला स्वतःचा सेल नसतो. लॉकभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, त्यातून चिपला क्षणभर शक्ती मिळते आणि ती आपला नंबर सांगते. डेअरीत सभासद नंबर सांगितल्याशिवाय दूध मापात जात नाही, तसे हा नंबर जुळल्याशिवाय गाडीचा संगणक इंजिनला डिझेल सोडत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, पुन्हा बॅटरीच बघा. बॅटरी अशक्त असेल तर सेल्फच्या ओढीने व्होल्टेज पडते, संगणक गोंधळतो, आणि दोष चावीवर येतो. बॅटरी ठीक असेल तर जुडग्यातल्या बाकीच्या चाव्या काढा. शेजारी दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर दोन नंबर एकमेकांत मिसळतात. मग घरातली दुसरी चावी लावून बघा. दुसरीने चालू झाली तर पहिलीची चिप गेली. दोन्हींनी नाही झाली तर लॉकचे वेटोळे, फ्यूज किंवा वायरिंग. तेव्हा मिस्त्रीला "चावी बदला" म्हणू नका, वेटोळे तपासा म्हणा.

बाजारात नुसती कापून आणलेली चावी दार उघडेल, सेल्फही मारेल, पण इंजिन धरणार नाही, कारण तिच्यात नोंदवलेली चिप नाही. चावीचे फुटलेले कव्हर बदलतानाही जुन्या कव्हरातली चिप तिथेच राहून कचऱ्यात जाते, असे घडलेले आहे. कव्हर बदलून घ्या, पण चिप नव्यात गेली का ते डोळ्यांनी पाहा.

रिमोटचे बटण दाबून दार उघडत नसेल तर ते दुखणे निराळे, तो आतला नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल संपलेला असतो. जुन्या सेलवरचा नंबर वाचून तसाच आणा. बटणस्टार्ट गाडी अशा वेळी चावी ओळखत नसेल, तर बहुतेक गाड्यांत चावी स्टार्ट बटणाला टेकवून किंवा पुस्तकात दाखवलेल्या जागी ठेवून काम भागते. अशी चावी गाडीलगतच्या भिंतीवर टांगू नका. दोघी रात्रभर एकमेकींशी बोलत राहतात आणि दोघींचीही बॅटरी उतरते. जुना सेल मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर दोन तासांतच अन्ननलिका भाजते. असे झाले तर क्षणभर न थांबता मोठे हॉस्पिटल गाठा.

हे करू नका

सेल्फ घेत नाही म्हणून खाली उभे राहून स्क्रू ड्रायव्हरने स्टार्टरचे दोन बोल्ट जोडण्याची सवय गावात फार आहे. चावीच्या वाटेने गेले तर ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना बऱ्याच ट्रॅक्टरांचा सेल्फ घेत नाही. ही सोय माणसाचा जीव वाचवण्यासाठी केलेली आहे. स्क्रू ड्रायव्हरने ती बाजूला पडते, ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर जागेवरून उडी घेतो, आणि मागचे चाक तुम्ही उभे असता तिथूनच जाते. सीटवर बसूनच चालू करा. नाही झाला तर राहू द्या.

दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायचा तर तीही १२ व्होल्टचीच हवी. मोठ्या ट्रकची २४ व्होल्टची असते, ती लावली की संगणक जळतो. आधी अधिक ते अधिक जोडा, मग चांगल्या बॅटरीचे वजा, आणि शेवटचे टोक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, तेव्हापासून त्यांच्यातही संगणक आला आहे. त्यांना धक्का मारून भागेलच असे नाही. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीला वेल्डिंग करायचे असेल तर ट्रॉली सोडून घ्या. ट्रॅक्टरलाच करायचे असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढून मगच करा.

नवी बॅटरी घेण्याची वेळ आलीच, तर हमीपत्रावर तारीख आणि दुकानाचा शिक्का घ्या, जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्या, तिचे पैसे वजा होतात. बॅटरीवर रंगाने महिना-वर्ष लिहून ठेवा. आणि गाडीची दुसरी चावी व सोबत आलेला नंबरचा बिल्ला घरात सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवा, गाडीच्या डब्यात नको.