पद्मिनीचा रंग परत आणताना

मित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही काय दिवे लावले माहीत नाही, अस्मादिकांनी मात्र अकरा दिवस एक गाडी घासली! रोज सकाळी सहा ते नऊ. गल्लीतला मित्र येता-जाता विचारायचा, "काय बे, गाडी धुतो का मालिश करतो?" खरं सांगायचं तर दुसरंच.

गाडी म्हणजे आमची प्रीमियर पद्मिनी. १९९६ चं मॉडेल, रंग मरून, आजोबांनी हौसेनं घेतलेली. आजोबा गेल्यावर पाच वर्षं ती नवी पेठेत आमच्या दुकानामागच्या बोळात उभी होती. वरून ऊन, खालून धूळ, वायरवर कबुतरं आणि बाजूनं जाणाऱ्या प्रत्येक सायकलचं हँडल! मरून रंग विटून गुलाबीसर झाला होता. बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी यायची. बाबा म्हणाले, "पूर्ण रंग मारून घेऊ, नाहीतर देऊन टाकू." रंगाचा खर्च ऐकल्यावर देऊन टाकणंच जवळ दिसू लागलं. आजी काहीच बोलली नाही. मी म्हटलं, सुट्टीपुरता वेळ द्या.

पद्मिनी आणि आपलं गाव

या गाडीचं सोलापूरशी नातं आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली सुरू करणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे; जन्म १८८२, सोलापूर. ते १९५३ साली गेले, त्यामुळे पद्मिनी त्यांनी पाहिली नाही. फियाटच्या ११०० मॉडेलवरून इथं बनणाऱ्या गाडीला पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकात मिळालं. मुंबईची काळी-पिवळी म्हटलं की हीच डोळ्यांसमोर येते. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

रंग विटतो म्हणजे काय होतं?

रंगात मुख्य दोन गोष्टी: रंगद्रव्याचे बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. उन्हातले अतिनील किरण हे रेझिन हळूहळू तोडतात. मग वरचे कण सुटे होतात, तीच ती भुकटी. पृष्ठभाग खडबडीत झाला की प्रकाश आरशासारखा एका दिशेनं न परतता चहूकडे विखुरतो आणि मरूनचा गुलाबी दिसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. उन्हातला पत्रा त्याहून किती तरी गरम. मग बिचाऱ्या रंगाचं काय होणार?

पण मेलेला असतो तो फक्त वरचा थर. खाली चांगला रंग शिल्लक असतो. म्हणून लक्षात ठेवायची गोष्ट ही: रबिंग मारून चमक 'लावली' जात नाही, मेलेला थर 'काढला' जातो. प्रत्येक वेळी थोडा रंग कायमचा जातो. आणि तो असतो किती? आजच्या गाड्यांवर प्राइमरपासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे दोन केसांच्या जाडीत सगळा खेळ!

एक थर की दोन?

आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. जुन्या गाड्यांवर बहुधा रंगाचा थर हाच शेवटचा. ओळखायची युक्ती सोपी आहे. आड जागी पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर क्लिअर कोट नाही. आमचं फडकं पहिल्या मिनिटात लाल झालं. दुसरीकडे, क्लिअर कोटचे पोपडे निघत असतील तर कितीही घासा, उपयोग नाही. तिथं पेंटरच गाठावा लागतो.

क्रम असा

*धुणं.* कोरड्या फडक्यानं धूळ पुसणं हे ओरखड्यांचं सगळ्यात मोठं कारण, कारण धुळीत वाळूचे कण असतात. आधी पाणी ओतून धूळ वाहू द्यायची, मग गाडीच्या शाम्पूनं वरून खाली धुवायचं. दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खंगाळायला साधं पाणी. पाणी मोजून वापरायची सवय सोलापूरनं आपल्याला लावलीच आहे, दोन बादल्यांत काम होतं. पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग पडतात. ते पडलेच असतील तर पातळ केलेल्या व्हिनेगरनं निघतात. नंतर भरपूर पाणी.

*चिकटलेली घाण.* धुतल्यावरही हात खरखरीत लागला तर क्ले बार. चिकणमातीसारखा गोळा असतो, ओल्या पृष्ठभागावर हलक्या हातानं फिरवायचा. जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्यायचा.

*रबिंग आणि पॉलिश.* आधी कंपाउंड, मग बारीक पॉलिश. एका वेळी फूटभर चौकोन, सावलीत, गार पत्र्यावर. मोठे ओरखडे लहान करायचे, लहान आणखी लहान. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, ओरखडे त्याहून बारीक झाले की पृष्ठभाग आरसा वाटतो. मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलमधला सरफेस फिनिश तो हाच, फक्त तिथं कुणी इतकं मन लावून करत नाही!

*पुसायला* आपला सोलापुरी टॉवेल चालतो. पण आधी दोनदा धुऊन खळ काढा आणि शिवलेली किनार कापून टाका, कारण ओरखडे तीच काढते. मायक्रोफायबर मिळालं तर उत्तमच.

*वॅक्स.* सगळ्यात शेवटी. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून मिळणारं कार्नोबा वॅक्स यासाठी जुनं आणि चांगलं. आपल्या उन्हात दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. डिझेलच्या बोळ्यानं गाडी पुसणारे पाहिलेत ना? ती चमक तासाभराची, आणि त्यावर बसणारी धूळ दिवसभराची.

आणि माझी चूक

चौथ्या दिवशी हातांनी कंटाळा केला. मित्राकडून फिरतं पॉलिशिंग मशीन आणलं. पंधरा मिनिटांत अख्खी डिकी चमकली! जोर चढला. मागच्या मडगार्डाच्या धारेवर मशीन जरा जास्त टेकवलं आणि रुपयाएवढा करडा प्राइमर डोकावला. पोटात गोळाच आला. धारेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि मशीनचा सगळा दाब तिथंच येतो, हे मला नंतर समजलं. धारांवर आधी मास्किंग टेप लावायला हवी होती. शिवाय मशीन एका जागी थांबलं की घर्षणानं रंग तापतो, ते वेगळंच. मशीन परत केलं आणि उरलेली गाडी हातानं केली.

त्यामुळेच दहाव्या दिवशी ड्रायव्हरच्या दारापाशी थांबलो. खिडकीच्या कडेवर वीतभर जागा झिजून फिकी झाली होती. गाडीला एसी नाही, काच कायम खाली, आणि आजोबांचा उजवा कोपर कायम तिथंच. तिथं किती मायक्रॉन उरलेत कोण जाणे! कंपाउंडचं फडकं बाजूला ठेवलं, नुसतं धुऊन वॅक्स लावलं. ती जागा आजही फिकीच आहे.

भाऊबीजेला गाडी बोळातून बाहेर काढली. मडगार्डावरचा ठिपका बाबांना लगेच दिसला, पण विकायचा विषय त्यांनी काढला नाही. आजी पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "हळू चालव, नवीन गाडी आहे."

तर मंडळी, होस्टेलच्या पार्किंगमधल्या बाईकच्या टाक्यांना हेच सगळं लागू आहे. टाकी लहान, शिकायला सोपी. पांढऱ्या फडक्यापासून सुरुवात करा. सर लोकांच्या गाड्यांवर मात्र विचारल्याशिवाय प्रयोग नको, इंटर्नल मार्क्स त्यांच्याच हातात असतात!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल