गारगोटीतून पाते कसे निघते?

सिल्लोडहून अजिंठ्याकडे जाताना दिसतो तो सगळा काळा दगड. त्याच्या अंगात मात्र ठिकठिकाणी दुधी, तांबूस गोट्या रुतलेल्या असतात. शेतात आल्या तर आपण त्या वेचून बांधावर टाकतो. अश्मयुगातल्या माणसाला नेमक्या त्याच हव्या होत्या.

युरोपातील अश्मयुगीन हत्यारे बहुतेक चकमकीची. हा दगड तिकडे खडूच्या थरांत मिळतो. आपला मुलूख सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा; येथे खडूचे थर कोठून असणार? पण लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे पाण्याबरोबर आलेली सिलिका साचली. तिचेच कॅल्सेडनी आणि अकीक झाले. हे दगड चकमकीचे सख्खे भाऊच म्हणा ना! त्यांचे कण इतके बारीक, की ते काचेसारखे फुटतात. कड वस्तऱ्यासारखी निघते.

पण नुसता धोंडा आपटून लांब, सरळ पाते निघत नाही. कारागीर आधी गोट्याच्या एका अंगावर आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूंनी कपच्या उडवून उभा नागमोडी कणा तयार करी. मग वरच्या टोकावर नेमका दाब किंवा आघात दिला, की भेग त्या कण्याच्या वाटेने सरळ खाली धावे. कण्यासह पहिले पाते सुटले, की गाभ्यावर दोन समांतर कडा उरत. पुढची पाती त्यांच्या आधाराने निघत. (घरी करून पाहू नका, कपची डोळ्यांत उडते.) नेवासे आणि इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन शेतकरी अशीच पाती काढीत. तांबे त्यांना माहीत होते, पण ते दुर्मिळ. रोजची सुरी दगडाचीच.

आता सांगा, अशा पात्याचे वय कसे ठरवाल? दगड तर कोट्यवधी वर्षांचा! अजिंठ्याच्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी, चाळीसगाव तालुक्यात पाटणे गाव आहे. १९७२-७३ मध्ये एस. ए. साळी यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्यांची कवचे आणि त्यांचे मणी मिळाले. होय, शहामृग, आणि तोही खानदेशात! कवचातील किरणोत्सारी कार्बन मोजल्यावर काळ निघाला सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. सोबतच्या हत्यारांचे वय कळले ते या कवचामुळे.

म्हणून कोठे एका बाजूला गुळगुळीत फुगवटा आणि दुसऱ्या बाजूला समांतर कडा असलेली चपटी कपची दिसली, तर ती खिशात घालू नका. जागेवरच ठेवून शेजारी पट्टी ठेवा, छायाचित्र घ्या, शेताची खूण लिहा आणि शिक्षकांना दाखवा.