आवाज कापा, नाव कापू नका!

आज वस्तीतल्या पोराला संगीत तयार करण्यासाठी स्टुडिओची पायरी चढावी लागत नाही. संगणकावर ब्राउझर उघडायचा, गाण्याची फाईल आत टाकायची. पडद्यावर आवाजाची लाट उमटते. जिथे थाप पडली तिथे उंचवटा दिसतो. त्याच्या किंचित आधी, लाट शून्याची रेषा ओलांडते त्या जागी कापायचे. भलतीकडे कापले तर तुकड्याच्या तोंडाशी 'टक्' असा आवाज येतो. मग एकेक तुकडा एकेका बटणाला जोडायचा आणि नवा ठेका बांधायचा. १९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या महागड्या यंत्रात सगळा मिळून दहाच सेकंदांचा आवाज मावत असे. आज ते काम फुकटात होते. ज्यांना वाद्य परवडत नाही त्यांच्या हाती हे साधन आले, याचे आम्ही स्वागतच करतो.

पण या कात्रीखाली कोणाची मेहनत सापडते, हा आमचा सवाल आहे.

१९६९ साली अमेरिकेतील 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदाची 'आमेन, ब्रदर' ही धून तबकडीच्या मागच्या बाजूवर निघाली. तिच्यात मध्येच सगळी वाद्ये थांबतात आणि सहा-सात सेकंद एकटा ड्रम वाजतो. वाजवणारा होता ग्रेगरी कोलमन हा कृष्णवर्णीय वादक. १९८०च्या दशकात हिपहॉपवाल्या पोरांनी हा तुकडा उचलला. १९८८ साली 'एन.डब्ल्यू.ए.'च्या गाण्यात तो वाजला. १९९०च्या दशकात इंग्लंडमध्ये त्याची एकेक थाप सुटी करून, उलटसुलट मांडून 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' हे संगीतप्रकार उभे राहिले. हजारो गाण्यांत, अगदी जाहिरातींतही तो वाजला.

आणि कोलमन? या तुकड्याचा एक छदामही त्याला मिळाला नाही. २००६ साली अटलांटा शहरात बेघर अवस्थेत तो मरण पावला. वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना तर हा सारा प्रकार १९९६ साली कळला. तोवर दावा करण्याची मुदत उलटून गेली होती. २०१५ साली संगीतप्रेमींनी वर्गणी काढून त्यांना सुमारे २४ हजार पौंड दिले. देणाऱ्यांचे मन मोठे, यात शंका नाही. पण हक्काच्या जागी वर्गणी घ्यावी लागणे हा कोणता न्याय? कापणारी अनेक पोरेही गरीब वस्तीतलीच होती, म्हणून त्यांना चोर ठरवून आम्ही मोकळे होणार नाही. वादकाचा वाटा त्याच्यापर्यंत पोचवणारी व्यवस्थाच नव्हती.

ही गोष्ट आम्ही सांगतो ती आपल्या दारातल्या हलगीसाठी. गावकीने जे वाद्य ठरावीक जातींच्या गळ्यात अडकवले आणि वर त्यालाच हलके मानले, त्याचा कडकडाट आज डीजेच्या रिमिक्समध्ये घुमतो. ती हलगी कोणी वाजवली, हे किती जणांना सांगता येईल? २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्याने वादकाला व्यापारी वापरातून रॉयल्टीचा आणि वादनासोबत आपले नाव येण्याचा हक्क दिला आहे. पण कागदावरचा हक्क मागितल्याशिवाय पदरात पडत नाही.

म्हणून आपल्या तरुणांना आमचे सांगणे आहे. हलगी ध्वनिमुद्रित करताना वादकाला विचारा, मोबदला ठरवा, तो कागदावर घ्या. तुकडे साठवताना 'हलगी-१', 'हलगी-२' असे लिहून मोकळे होऊ नका. वादकाचे नाव, गाव, साल लिहा. गाणे बाहेर पडेल तेव्हा ते नाव गायकाच्या नावाशेजारी झळकू द्या.

शतकानुशतके आपली मेहनत बिननावाची राहिली. आता कात्री आपल्या हाती आहे. तिने आपल्याच माणसाचे नाव कापले, तर दोष कोणाला द्यायचा?