रडवणारा सिनेमा आणि नंतरची नव्वद मिनिटे

जपानमध्ये ८ मे २००४ रोजी एक चित्रपट प्रदर्शित झाला. नाव लांबलचक, ‘सेकाई नो चूशिन दे, आई ओ साकेबू’. मराठीत साधारण ‘जगाच्या मध्यभागी उभे राहून प्रेमाची हाक’ असे म्हणता येईल. प्रेक्षकांनी त्याचे ‘सेकाचू’ असे सुटसुटीत रूप करून टाकले. गोष्ट अगदी साधी. १९८६ साल, समुद्रकाठचे एक छोटे गाव, शाळेत शिकणारी दोन मुले. वॉकमनच्या कॅसेटवर आपला आवाज टेप करून ती एकमेकांना पाठवतात. मग मुलीला रक्ताचा कर्करोग होतो. ती वाचणार नाही, हे प्रेक्षकाला जवळजवळ सुरुवातीपासून ठाऊक असते. तरीही अॅनिमेशनपट वगळता त्या वर्षी सर्वाधिक कमाई करणारा जपानी चित्रपट हाच ठरला. आकडा होता सुमारे ८५० कोटी येन.

मुळात ही क्योइची कातायामा यांची २००१ मधली कादंबरी. सुरुवातीला तिचा फारसा गाजावाजा नव्हता. पुढच्या वर्षी अभिनेत्री को शिबासाकी हिने एका मासिकात, आपण ती रडत रडत एका दमात वाचून काढली, असे सांगितले. प्रकाशकाने ते वाक्य पुस्तकाच्या वेष्टणावर छापले आणि खप तीस लाखांच्या पुढे गेला. ‘हे वाचून रडू येते’ ही पुस्तकाची शिफारस ठरू शकते, हीच खरे तर विचार करण्याजोगी गोष्ट आहे. इसाओ युकिसादा यांनी चित्रपट केला तेव्हा त्यात शिबासाकी स्वतःही होती. आजारी मुलीच्या भूमिकेतल्या मासामी नागासावाने वयाच्या सोळाव्या वर्षी खरोखर डोके भादरून घेतले. शिकोकू बेटावरच्या आजी या गावी चित्रीकरण झाले. तिथला समुद्रातला बांध पाहायला चाहते पुढे कित्येक वर्षे जात राहिले. (आपल्याकडे त्याच वर्षी ‘श्वास’ पाहून थिएटरातून बाहेर पडणारे लोक डोळे पुसत होते. त्या छोट्या मुलाच्या डोळ्यांतही कर्करोगच होता.)

तिकिटाचे पैसे मोजून, सव्वादोन तासांहून अधिक वेळ काढून माणसे दुःखी व्हायला का जातात? आणि त्याने त्यांना बरे वाटते ते खरेच, की नुसते तसे वाटते?

आधी शरीराकडे पाहू. डोळे ओले ठेवणारे पाणी सतत झरत असते. कांदा चिरताना येणारे पाणी हा बचाव असतो. भावनेने येणारे अश्रू हा तिसरा प्रकार, आणि तो माणसाखेरीज दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात निश्चितपणे दिसलेला नाही. पडद्यावरचा प्रसंग भिडू लागला की आधी शरीर धावपळीच्या तयारीत जाते. हृदयाचे ठोके वाढतात, तळहात दमट होतात. जास्त हवा आत यावी म्हणून घशातली श्वासाची वाट उघडी राहू पाहते. गिळताना मात्र ती बंद व्हावी लागते. या ओढाताणीतून घशात काही तरी अडकल्यासारखे होते, त्यालाच आपण आवंढा म्हणतो. मग अश्रुग्रंथींना संदेश जातो. डोळ्यांत मावेल त्याहून जास्त झालेले पाणी काही गालावर ओघळते, तर काही डोळ्याच्या कोपऱ्यातल्या बारीक नळीने नाकात उतरते. अंधाऱ्या थिएटरात रडण्याचा पहिला पुरावा नाक ओढण्याच्या आवाजाने मिळतो, तो यामुळे. रडणे ओसरत जाते तसा श्वास संथ होतो आणि शरीराला शांत करणारी मज्जासंस्थेची दुसरी बाजू पुढे येते.

म्हणजे रडून हलके वाटते, हे बरोबर? इथे उत्तर थोडे अवघड होते. गेल्या वेळी रडलात तेव्हा नंतर कसे वाटले, असे लोकांना आठवून सांगायला लावले तर निम्म्याहून अधिक जण बरे वाटले म्हणतात. साधारण एकतृतीयांश जणांना काहीच फरक वाटलेला नसतो आणि दहांतल्या एकाला उलट जास्त वाईट वाटलेले असते. पण हेच प्रयोगशाळेत करून पाहिले, दुःखी चित्रपट दाखवला आणि संपल्यासंपल्या विचारले, तर रडलेल्यांची मनःस्थिती न रडलेल्यांपेक्षा खालावलेलीच सापडे. आठवण एक सांगते आणि मोजमाप दुसरेच, असा हा पेच बरीच वर्षे होता.

तो सोडवायला नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठातील आद फिंगरहूट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती केली. ते थांबले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ६० जणांना दोन चित्रपट दाखवले. एक इटालियन ‘ला व्हिता ए बेला’ आणि दुसरा ‘हाची’, म्हणजे धन्याच्या मृत्यूनंतरही तोक्योच्या शिबुया स्टेशनवर त्याची वाट पाहत राहिलेल्या खऱ्या कुत्र्याच्या गोष्टीवरचा अमेरिकी चित्रपट. २८ जण रडले, ३२ रडले नाहीत. चित्रपट संपताच न रडलेल्यांची मनःस्थिती होती तशीच होती, रडलेल्यांची घसरली होती. वीस मिनिटांनी रडलेले पूर्वपदावर आले. नव्वद मिनिटांनी मात्र ते चित्रपट पाहण्यापूर्वी होते त्याहूनही बऱ्या मनःस्थितीत होते. खाली गेलेला झोपाळा वर येताना थोडा पुढे जावा, तसे. प्रयोग लहान आहे, फार मोठी इमारत त्यावर उभारू नये. पण थिएटरातून सुन्न होऊन निघालेला माणूस घरी पोहोचून जेवायला बसेपर्यंत का सावरतो, याचा अंदाज त्यातून येतो.

अश्रूंवाटे शरीरातली ‘विषारी द्रव्ये’ वाहून जातात, हा लोकप्रिय समज मात्र तितका भक्कम नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेतील जीवरसायनतज्ज्ञ विल्यम फ्राय यांनी चित्रपट दाखवून गोळा केलेले अश्रू आणि कांद्याने आलेले अश्रू तपासले. पहिल्यांत प्रथिने जास्त होती. त्यावरून पुढचा निष्कर्ष लोकांनी आपापला काढला. पण रडताना गळणारे पाणी असते किती? जेमतेम काही थेंब. शरीर स्वच्छ करण्याचे काम मूत्रपिंडे आणि यकृत करतात. त्यांची बरोबरी डोळे करू शकत नाहीत. खुद्द जपानमध्ये २०१३ पासून ‘रुईकात्सू’ नावाने एकत्र बसून रडण्याच्या सभा सुरू झाल्या. रडवणाऱ्या चित्रफिती लावायच्या, सगळ्यांनी मोकळेपणी रडायचे. त्या सुरू करणारे हिरोकी तेराई त्याआधी घटस्फोटाचे समारंभ करून देत असत, हे कळले की या उद्योगाची जात लक्षात येते. चारचौघांत भावना दाखवणे अवघड असलेल्या समाजात अशा सभेचा उपयोग होत असेलही. पण तो उपयोग अश्रूंतल्या रसायनापेक्षा ‘इथे रडायला हरकत नाही’ या परवानगीत असण्याचीच शक्यता जास्त.

दुःखातून सुख कसे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण हा रस आहे आणि अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी एक. मराठीत न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली आणि त्यावर पुढे पुष्कळ शाई खर्च झाली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो, पण आपण कोण हे पुरते विसरत नाही. या दुहेरी अवस्थेतच आनंद असतो, असा त्यांचा सूर होता. आजचे मानसशास्त्रज्ञ जवळपास तेच बोलतात. हे खरे नाही, आपण सुरक्षित आहोत, ही जाणीव मनात शाबूत असते, म्हणूनच आपण दुःखाला एवढे जवळ येऊ देतो.

आणखी काही कारणे प्रयोगांतून पुढे आली आहेत. ऑक्सफर्डमधील रॉबिन डनबार यांच्या गटाने २०१६ मध्ये काही लोकांना एका बेघर, व्यसनी माणसाच्या आयुष्यावरचा हृदयद्रावक चित्रपट दाखवला, तर काहींना संग्रहालयावरचे आणि भूगर्भावरचे रुक्ष माहितीपट. आधी आणि नंतर सगळ्यांना भिंतीला पाठ टेकून, खाली खुर्ची नसताना बसल्यासारखे राहायला सांगितले. मांड्या भरून आल्या तरी कोण किती वेळ टिकतो, हे मोजायचे होते. चित्रपटाने हेलावलेल्यांची वेदना सोसण्याची ताकद वाढलेली दिसली. शिवाय शेजारी बसलेल्या अनोळखी लोकांबद्दल त्यांना जवळीक वाटू लागली होती. शरीरात तयार होणारी एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्ये यामागे असावीत, असे संशोधक म्हणतात. ती प्रत्यक्ष मोजलेली नव्हती, हे लक्षात ठेवायला हवे. तरी घरी मोबाइलवर एकट्याने पाहणे आणि भरल्या थिएटरात पाहणे यांत फरक का पडतो, याचा एक धागा इथे मिळतो.

दुसरे कारण अधिक वैयक्तिक आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात ३६१ विद्यार्थ्यांना ‘अटोनमेंट’ या शोकांत प्रेमकथेची छोटी आवृत्ती दाखवण्यात आली. पाहताना ज्यांना आपल्या जवळच्या माणसांची आठवण झाली, त्यांना नंतर जास्त समाधान वाटले. ‘बरे झाले, आपल्यावर अशी वेळ नाही’ असा विचार करणाऱ्यांना मात्र तसा लाभ झाला नाही. ‘सेकाचू’ची रचना नेमकी या आठवणीलाच हात घालते. त्याचा नायक शाळकरी मुलगा नाही, तर त्या काळाला सतरा-अठरा वर्षे मागे टाकून आलेला, लग्न ठरलेला, जुन्या कॅसेट पुन्हा ऐकणारा प्रौढ पुरुष आहे. ताकाओ ओसावाने तो केला आहे. त्यामुळे शाळेतली मुले पुढे काय होईल म्हणून रडली असतील, तर वॉकमन वापरलेली त्यांच्या आईवडिलांची पिढी मागे काय राहिले म्हणून. एकाच तिकिटात दोन रडणी.

या प्रेमकथांचा आजाराशी असलेला व्यवहार मात्र तपासून घेण्यासारखा आहे. ‘किती दिवस उरले’ या एका कल्पनेवर उभ्या असलेल्या चित्रपटांची जपानमध्ये मोठी परंपरा आहे. १९६४ मध्ये ‘आई तो शी ओ मित्सुमेते’ हा चित्रपट आला, तो एका विद्यार्थ्याच्या आणि रुग्ण मुलीच्या खऱ्या पत्रव्यवहारावरून. तिच्या चेहऱ्याच्या कूर्चेत कर्करोग होता आणि नायिका सायुरी योशिनागा पडद्यावर चेहऱ्याला पट्टी बांधून वावरली. पुढच्या चित्रपटांतले आजार दिसायला सौम्य होत गेले. २०१७ च्या ‘किमी नो सुइझो ओ ताबेताई’मध्ये स्वादुपिंडाचा आजार आहे, पण कोणता ते शेवटपर्यंत सांगितलेले नाही. तिथे आजार म्हणजे भिंतीवरचे घड्याळ, एवढेच. लेखिका सुसान सोंटॅग यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले होते की, पूर्वी कथांत क्षयाला असलेली जागा आता ल्युकेमियाने घेतली आहे. गाठ नाही, विद्रूपता नाही, नुसते फिकट होत जाणे. आपल्याकडे त्याच वर्षी आलेल्या ‘अँखियों के झरोखों से’मधल्या नायिकेलाही हाच आजार होता.

प्रत्यक्षात ल्युकेमिया इतका शोभिवंत नसतो. न उतरणारा ताप, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मार न लागता अंगावर उठणारे काळेनिळे डाग, हाडांत दुखणे, थकवा, अशी त्याची लक्षणे असतात. केस जातात ते आजाराने नव्हे, केमोथेरपीने. ‘सेकाचू’मधला सर्वांत गाजलेला प्रसंग, रुग्णालयातून पळून विमानतळ गाठणे आणि वादळामुळे विमान रद्द झाल्यावर तिचे कोसळणे, डॉक्टरांच्या नजरेने पाहिला तर अंगावर काटा येतो. उपचारांदरम्यान पांढऱ्या पेशी इतक्या कमी होतात की गर्दीतला साधा संसर्गही जीवघेणा ठरतो आणि बिंबिका घटल्याने आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. प्रेमाची परिसीमा म्हणून दाखवलेली ती धाव वैद्यकीय हिशेबाने मृत्यू जवळ आणणारी आहे.

म्हणूनच सगळ्या प्रेक्षकांनी हा चित्रपट एकाच मनाने पाहावा, अशी अपेक्षा चुकीची ठरेल. घरात नुकताच कोणाचा मृत्यू झाला आहे, किंवा स्वतः उपचार घेत आहे, अशा किशोरवयीन मुलासाठी ‘हे खरे नाही’ ही भिंत फार पातळ असते. नैराश्य असलेल्यांना रडून हलके वाटण्याची शक्यता कमी असते, असेही अभ्यास सांगतात. मूल चित्रपट पाहून तासभर रडले तर काळजीचे कारण नाही. दोन आठवडे झोप, जेवण आणि शाळा यांवरून मन उडाले असेल, तर ते चित्रपटाचे रडणे नव्हे. अशा वेळी डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटणे योग्य. आणि पडद्यावरची मुलगी गेली म्हणजे हा आजार झालेला कोणीच वाचत नाही, हा समज मुलांच्या मनात राहिला असेल तर तो बोलून काढायला हवा. लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या लिम्फोब्लास्टिक प्रकारात, चांगल्या सुविधा असलेल्या देशांत आज ९० टक्क्यांच्या आसपास मुले बरी होतात. किशोरवयात आणि मायलॉइड प्रकारात हे प्रमाण कमी आहे, पण १९८६ पेक्षा कितीतरी चांगले.

कथेतल्या त्या साली जपानमध्ये राष्ट्रीय अस्थिमज्जा पेढीच नव्हती. ती डिसेंबर १९९१ मध्ये स्थापन झाली. तोवर प्रत्यारोपणासाठी बहुतेक वेळा भावंडांवरच भिस्त असे, आणि सख्ख्या भावाबहिणीशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. आज भारतातही अशा दात्यांच्या नोंदवह्या आहेत. गालाच्या आतून कापसाने पुसून घेतलेला नमुना दिला की नोंद होते. जुळणी झालीच तर बहुतेक वेळा हाडात सुई घालावी लागत नाही. चार-पाच दिवस इंजेक्शने घेऊन दंडाच्या शिरेतून, बिंबिकादानासारख्याच पद्धतीने मूलपेशी काढून घेतात. पूर्ण जुळणारा दाता मिळालाच नाही, तर आता निम्मे जुळणाऱ्या आईचे किंवा वडिलांचेही चालते.