जिना चढणारी खुर्ची निवडताना

काचीगुड्यातल्या माझ्या मावशीच्या घराला सतरा पायऱ्यांचा जिना आहे. आधी नऊ पायऱ्या, मग एक चौकोनी टप्पा, तेथे उलटे वळण आणि पुन्हा आठ पायऱ्या. तळमजल्यावर भाड्याने दिलेले दुकान आणि माडीवर बिऱ्हाड. हैदराबादमधील या भागात, १९१६ साली उभ्या राहिलेल्या काचीगुडा रेल्वेस्थानकापासून सुलतान बाजारापर्यंतच्या गल्ल्यांत, अशी जुनी घरे पुष्कळ आहेत आणि त्यांत मराठी घरेही आहेत. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्या काळी शिक्षण, वकिली आणि नोकरीच्या निमित्ताने आलेली अनेक कुटुंबे येथेच स्थिरावली. घरे बांधली तेव्हा बांधणारे तरुण होते. जिना हा अडथळा ठरू शकतो, असे त्यांच्या मनातही आले नसावे.

मावशीला अर्धांगवायूचा सौम्य झटका आला आणि उजवी बाजू अशक्त झाली. त्यानंतरच्या चौदा महिन्यांत ती तीनदाच खाली उतरली, तिन्ही वेळा डॉक्टरांकडे जाण्यासाठी. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी तिला उचलून नेले. चौथ्या वेळी तिने नकार दिला. ‘‘मला असं उचलून नेऊ नका रे, गल्ली बघते,’’ एवढेच ती म्हणाली. त्या दिवशी घरात प्रथमच स्टेअर लिफ्टचा, म्हणजे जिन्यावरून रुळावर सरकणाऱ्या खुर्चीचा विषय गांभीर्याने निघाला.

हे यंत्र जन्मालाही अशाच कारणाने आले. १९२० च्या दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात सी. सी. क्रिस्पेन या गृहस्थांनी, आजारपणामुळे वरच्या मजल्यावर अडकून पडलेल्या मित्रासाठी जिन्यावर रूळ टाकून त्यावर आसन सरकवण्याची युक्ती काढली. मूळ कल्पना आजही तीच आहे. पायऱ्यांवर ठोकलेल्या पायांवर एक रूळ, त्यावर दातेरी चाकाने चढणारी मोटार, वर आसन, पाठ, हात आणि पाय ठेवण्याची पट्टी. बहुतेक यंत्रे खुर्चीतच बसवलेल्या बॅटरीवर चालतात. रुळाच्या दोन्ही टोकांशी खुर्ची थांबली की बॅटरी चार्ज होते. त्यामुळे वीज गेली तरी काही फेऱ्या सहज होतात. मात्र खुर्ची अर्ध्या वाटेत उभी करून ठेवली, तर चार्जिंग होत नाही आणि यंत्र सूचनेचा आवाज करत राहते. युरोपच्या ईएन ८१-४० या मानकानुसार वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला १५ सेंटिमीटर आहे. पाच मीटरच्या रुळाला अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. ज्यांना हे फार हळू वाटते, त्यांनी एकदा त्यावर बसून पाहावे.

मावसभावाने बोलावलेल्या विक्रेत्याने जिना मोजला, आकडे लिहून घेतले आणि सल्ला दिला: खालच्या नऊ पायऱ्यांवर एक सरळ रूळ, वरच्या आठ पायऱ्यांवर दुसरा. वळणाचा एकसंध रूळ त्या घराच्या मापाने कारखान्यात वाकवून घ्यावा लागतो, त्यामुळे तो बराच महाग पडतो आणि नंतर दुसऱ्या घरी उपयोगी येत नाही. सरळ रूळ कापून, जोडून पुन्हा वापरता येतो. पैशाचा हिशेब म्हणून सल्ला चुकीचा नव्हता. पण विक्रेत्याने मोजला तो जिना. मावशीला कुणीच मोजले नव्हते. दोन रूळ म्हणजे मधल्या टप्प्यावर एका खुर्चीतून उठणे, दोन पावले वळून चालणे आणि दुसऱ्या खुर्चीत बसणे. ज्या बाईला खुर्चीतून उठणे हीच दिवसातली सर्वांत अवघड गोष्ट होती, तिला ती जिन्याच्या मधोमध, उतरत्या पायऱ्यांच्या काठावर करायची होती. चढायला एकदा, उतरायला एकदा.

माझ्या मते या साऱ्या निवडीचे मर्म येथेच आहे. प्रवासात धोका कमी असतो, तो बसताना आणि उठताना असतो. म्हणून किंमतपत्रक मागवण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टकडून एवढेच तपासून घ्यावे: व्यक्ती साध्या लाकडी खुर्चीतून हाताच्या आधाराने स्वतः उठते का? गुडघे काटकोनात वाकतात का? पाठ ताठ ठेवून दोन मिनिटे बसता येते का? गुडघे वाकतच नसतील तर नेहमीचे आसन निरुपयोगी. त्यासाठी अर्धवट उभे राहून टेकण्याचे आसन मिळते. उठणेच शक्य नसेल आणि चाकांच्या खुर्चीतून हलता येत नसेल, तर स्टेअर लिफ्टचा नाद सोडून चाकांची खुर्चीच वर नेणाऱ्या लहान फलाटाच्या किंवा घरगुती उद्वाहनाच्या शक्यतेकडे वळावे. विस्मरणाचा आजार असेल तर किल्लीशिवाय न चालणारे यंत्र घ्यावे, आणि एकट्याने प्रवास नाहीच, हे घरात ठरवून टाकावे.

मग माणसाचे माप. भिंतीला पाठ टेकून बसवावे आणि पाठीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंतचे अंतर घ्यावे. प्रौढ माणसात ते साधारण ५५ ते ६० सेंटिमीटर भरते. त्यात रुळाची आणि पाठीची जाडी मिळवली की खुर्चीला लागणारी रुंदी कळते. राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्याची किमान रुंदी साधारणपणे एक मीटर, तर दुमजली रांगेच्या घरांसाठी पाऊण मीटर सांगितली आहे. मावशीचा जिना ८५ सेंटिमीटरचा. म्हणजे ती बसल्यावर समोरच्या कठड्यापर्यंत वीतभरही जागा उरत नव्हती. आसन आणि पायपट्टी दुमडल्यावर मात्र इतरांना जाता येईल इतकी वाट राहत होती. जिना सामाईक असेल तर ही उरलेली वाट आधी शेजाऱ्यांना दाखवावी. आग लागल्यास याच वाटेने सर्वांना बाहेर पडायचे असते.

संहितेत पायरीची कमाल उंची १९ सेंटिमीटर आणि पाय ठेवण्याची किमान जागा २५ सेंटिमीटर आहे. जुन्या घरांत याहून कितीतरी उभे जिने सापडतात. पायऱ्या एकसारख्याही नसतात. सर्वांत खालची पायरी रस्त्याची उंची वाढल्याने निम्मी बुजलेली असते. चढाचा कोन यंत्राच्या मर्यादेत आहे का, हे लेखी घ्यावे. बसलेल्या माणसाचे डोके वरच्या तुळईला लागत नाही ना, हे प्रत्यक्ष पाहावे. रुळाचे खालचे टोक पहिल्या पायरीच्या पुढे येते. तेथेच दार असेल तर दुमडणारा रूळ मागावा लागतो.

आणि दगड. हैदराबादकडे जिन्याला शहाबादी किंवा तांडूरची फरशी असते. खाली काँक्रीट असेल तर काळजी नाही. पण काही जुन्या घरांत दगडी पायरीचे एकच टोक भिंतीत रोवलेले असते, दुसरे टोक अधांतरी. तेथे भोक पाडल्यास पायरी तडकू शकते. अशा वेळी आधी स्थापत्य अभियंत्याला बोलवावे, विक्रेत्याला नंतर.

आपल्याकडे गोव्यात प्रश्न वेगळे. माडीच्या जुन्या घरांत आतला जिना बहुधा लाकडी. तेथे वाळवी पाहावी लागेल. बाहेरून चढणारा चिऱ्याचा जिना असेल तर घरातले यंत्र तेथे लावू नये. बाहेर लावायची यंत्रे निराळी येतात, तीही झाकूनच ठेवावी लागतात. चार महिन्यांचा पाऊस आणि किनाऱ्याची खारी हवा यांपुढे साधे स्क्रू टिकत नाहीत. काचीगुड्याच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर थकते, आपल्याकडे गंज आधी लागतो. शिवाय दुरुस्तीसाठी माणूस कुठून येणार? तो मुंबईहून किंवा बेळगावहून येणार असेल, तर तोवर घरातले माणूस वरच अडकलेले असते. म्हणून किमतीत घासाघीस करण्याआधी सेवेचा करार वाचावा: किती तासांत येणार, बॅटरी कितीला बदलणार, सुटे भाग किती वर्षे देणार.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करण्याचे बंधन घातले आहे. स्वतःच्या घरातला जिना कुटुंबानेच पाहायचा असतो. त्यामुळे यंत्राशिवायचा मार्गही मनात ठेवावा. जिन्याला दोन्ही बाजूंना कठडा, पायऱ्यांच्या कडांना ठळक पट्टी, भरपूर उजेड, यांवरच काहींची अनेक वर्षे निभावून जातात. झोपण्याची खोली आणि न्हाणीघर तळमजल्यावर आणता आले तर सर्वांत उत्तम. मावसभावाने भाडेकरूला काढून तळमजला मोकळा करण्याचाही विचार केला होता. तो मावशीनेच मोडीत काढला. तिचे स्वयंपाकघर, देवघर, शेजारच्या गच्चीवरून होणाऱ्या गप्पा, सारे वरच होते. तिला खाली राहायचे नव्हते. हवे तेव्हा खाली जाता यायला हवे होते. हा फरक आम्हांला तिला विचारल्यावरच कळला.

अखेर वळणाचा एकसंध रूळ घेतला. उजवा हात अशक्त, म्हणून चालवण्याचा खटका डाव्या हातावर बसवून घेतला. वरच्या टोकाला आसन जिन्याकडे पाठ फिरवून सपाट जागेकडे वळते आणि तेथे अडकून पक्के होते. उठताना आधाराला लागणारी दांडी तिच्या डाव्या हाताला येईल अशी भिंतीत बसवली. कमरेचा पट्टा एका हाताने लागतो का, हे तिनेच दुकानात चार वेळा लावून पाहिले. पहिल्या पट्ट्याला तिने नापसंती दिली, आणि तो बदलून मिळाला.

ज्या दिवशी यंत्र ताब्यात घेतले, त्या दिवशी कारागीर जाण्यापूर्वी मावसभाऊ स्वतः खुर्चीत बसला. पायपट्टीपुढे एक पुस्तक ठेवले. त्याला स्पर्श होताच खुर्ची थांबली. मग खुर्ची वळणावर आणून घराचा मेन स्विच बंद करायला लावला. खुर्ची क्षणभरही न अडखळता वर आली. मावशी दारात काठी टेकून उभी होती. तिने दिवा लावायला सांगितला आणि त्याला उठवून स्वतः बसली.