काच पुसणाऱ्यांचं गोदाम

सकाळी ६ : पाऊस सरला की पुण्यातल्या काचेच्या इमारती धुण्याचा हंगाम सुरू होतो. आज खराडीचं काम. स्क्वीजी, मॉप, बादल्या आणि जादा रबरपट्ट्या मोजून देतो. पट्टीची कड झिजली तर काचेवर रेघा उमटतात. वर जाणाऱ्या प्रत्येक हत्याराला दोरी बांधलेली असते, कारण खाली माणसं चालतात.

७ : टेम्पो भरताना जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं. उतरल्या उतरल्या खालची जागा अडवायची असते, म्हणून अडथळ्याची पट्टी आणि कोन दाराशी. बोअरचं जड पाणी काचेवर वाळलं की पांढरे ठिपके राहतात. शेवटच्या धुण्यासाठी क्षारमुक्त पाण्याचे कॅन सोबत.

११ : रसायनांची कपाटं. ॲसिड एका खोलीत, हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) दुसऱ्या. दोन्ही एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो. हायपोची ताकद उष्णतेनं उतरते, म्हणून तो थोडाच मागवतो आणि जुना कॅन आधी संपवतो. पाण्याच्या बाटलीत रसायन भरू देत नाही. तहानेल्या माणसाचा हात सवयीनं तिकडे जातो. प्रत्येक डब्यावर मराठी आणि हिंदीत नाव.

संध्याकाळी ५.३० : टेम्पो परतला. गेलेलं आणि आलेलं वहीत जुळवतो. मॉप धुवायला, ओले दोर सावलीत पसरायला. नायलॉनला कडक ऊन सोसत नाही.

६.३० : आता दिवसातलं सर्वांत सावकाश काम. प्रत्येक माणसामागे दोन दोर, एक उतरण्याचा, दुसरा जिवाचा. ११ मिलिमीटरचा प्रत्येक दोर मी वीत-वीत बोटांतून सरकवतो. कुठे मऊ पडलाय, फुगलाय, वरची वीण उसवलीय? ॲसिडनं खाल्लेला नायलॉन वरून धड दिसू शकतो. त्यामुळे ॲसिड लागल्याची शंका आली तरी दोर बाद.

आज असा एक निघाला. हाताखालचा पोरगा म्हणाला, “काका, चांगला दिसतोय. बादल्या ओढायला राहू दे की.”

“नको रे. बादलीसाठी ठेवलेला दोर घाईच्या सकाळी माणसाला लागतो.”

लगेच त्याचे हातभर तुकडे केले, वहीत त्याच्या क्रमांकावर काट मारली आणि नव्या दोराची मागणी लिहिली. मालक किंमत विचारतील, तेव्हा हीच नोंद पुढे ठेवीन. या धंद्यात काटकसर साबणात करावी, दोरात नाही.